वय वाढताना हृदयाची विद्युतयंत्रणा

निरोगी प्रौढ माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात हा आकडा तीनशे कोटींच्या घरात जातो. प्रत्येक ठोक्याआधी हृदयाच्या स्नायूतून एक सूक्ष्म विद्युतलहर धावते आणि ती पोहोचली की स्नायू आकुंचन पावतो. ही लहर हृदयातच उमटते. तिच्यासाठी मेंदूच्या आज्ञेची गरज नसते, मेंदूकडून आलेले मज्जातंतू फक्त तिचा वेग कमी-जास्त करतात. वय वाढते तशी लहर उमटण्याची जागा, तिचा मार्ग आणि तिच्यावरचे मज्जातंतूंचे नियंत्रण या तिन्हींत हळूहळू फरक पडत जातो. ज्यांना हृदयविकार नाही, रक्तदाब नाही, मधुमेह नाही अशा माणसांतही तो पडतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला यातले बहुतेक बदल जाणवत नाहीत, कारण ते सर्वांत आधी हृदयाच्या राखीव क्षमतेतून वजा होतात. वयाचा बदल कोणता आणि आजाराचा कोणता हे कळले, तर अकारण भीतीही वाटत नाही आणि गंभीर लक्षणाकडे दुर्लक्षही होत नाही.

लहरीचा मार्ग

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद आणि खालचे दोन म्हणजे निलय. उजव्या अलिंदात, वरची महाशीर जिथे उघडते तिथे, सायनस नोड नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ आणि त्यांचे तरुण सहकारी मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या पेशींचे वैशिष्ट्य असे, की दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही त्यांचा विद्युतदाब स्थिर राहत नाही. सोडियम आणि कॅल्शियमचे आयन हळूहळू आत झिरपत राहतात, दाब ठरावीक पातळीला पोहोचला की लहर सुटते आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते.

सायनस नोडमधून निघालेली लहर अलिंदांतून सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने पसरते. अलिंद आणि निलय यांच्या सीमेवर विद्युतरोधक तंतुमय पडदा असतो. निरोगी हृदयात तो ओलांडण्याची वाट एकच, ती एव्ही नोडमधून जाते. जर्मनीत संशोधन करणारे जपानी डॉक्टर सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये या नोडची रचना उलगडली. इथे लहरीचा वेग सेकंदाला पाच सेंटिमीटरपर्यंत खाली येतो आणि सुमारे दशांश सेकंदाचा विलंब होतो. या विलंबामुळे अलिंदांतील रक्त निलयांत उतरायला अवधी मिळतो. पुढे लहर हिस बंडलमध्ये शिरते, उजव्या आणि डाव्या शाखांत विभागते आणि पुर्किंजे तंतूंच्या जाळ्यातून सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने दोन्ही निलयांत पोहोचते. निलयांचे सर्व भाग जवळपास एकाच वेळी आकुंचन पावतात, ते या वेगामुळेच.

उगमस्थानातील बदल

वयाचा पहिला ठसा सायनस नोडवर उमटतो. या नोडमध्ये पेशींच्या आधाराला कोलॅजेनची चौकट असतेच. वयानुसार कोलॅजेन आणि चरबी वाढत जाते आणि ठोक्याची सुरुवात करणाऱ्या पेशींचे प्रमाण घटते. विशीच्या तुलनेत पंचाहत्तरीपर्यंत या पेशींपैकी जेमतेम दहा टक्के उरतात, असे वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत नेहमी सांगितले जाते. उरलेल्या पेशींच्या आवरणातील आयनमार्गांतही बदल होतो, त्यामुळे दाब ठरावीक पातळीला पोहोचायला जास्त वेळ लागतो.

हा परिणाम मोजणे वाटते तितके सोपे नाही, कारण हृदयाचा वेग मज्जासंस्था सतत बदलत असते. अनुकंपी मज्जातंतू तो वाढवतात आणि परानुकंपी संस्थेतील व्हेगस मज्जातंतू त्याला आवर घालतो. जोस आणि कॉलिसन या संशोधकांनी निरोगी प्रौढांना प्रोप्रॅनोलॉल आणि अ‍ॅट्रोपिन अशी दोन औषधे एकत्र दिली. पहिल्या औषधाने अनुकंपी प्रभाव थांबतो, दुसऱ्याने व्हेगसचा. मग जो वेग उरतो तो हृदयाचा अंगभूत वेग. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून एक सूत्र मिळाले: ११८.१ मधून वयाच्या ०.५७ पट वजा करावी. त्यानुसार वीस वर्षांच्या माणसाचा अंगभूत वेग मिनिटाला सुमारे १०७, तर सत्तर वर्षांच्या माणसाचा ७८ येतो.

तरीही या दोघांची स्वस्थ बसलेल्या अवस्थेतील नाडी मोजली, तर ती दोघांचीही सत्तरच्या आसपास भरू शकते. तरुण हृदय १०७ च्या वेगाने धावू पाहते आणि व्हेगस त्याला जोरात आवरून सत्तरवर आणतो. वयस्क हृदयाचा मूळ वेगच ७८ असतो, त्याला फारसे आवरावे लागत नाही. वय वाढते तशी व्हेगसची पकडही सैल होते. अंगभूत वेगातली घट आणि आवर घालण्यातली घट एकमेकींची भरपाई करतात, म्हणून विश्रांतीच्या नाडीवरून हृदयाचे वय कळत नाही.

खरा फरक दिसतो तो श्रम करताना. जिना चढताना, धावताना हृदय जास्तीत जास्त किती वेग गाठू शकते, ती मर्यादा दरवर्षी थोडी थोडी खाली येते. २२० मधून वय वजा करण्याचा आडाखा व्यायामशाळांत सर्रास वापरला जातो. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून त्यात सुधारणा सुचवली: २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करावी. या सूत्राने विसाव्या वर्षी कमाल वेग १९४ आणि सत्तराव्या वर्षी १५९ येतो. हे सरासरीचे आकडे आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज असतो. नियमित व्यायामाने दम वाढतो, स्नायू बळकट होतात, पण कमाल वेगाची ही घसरण थांबत नाही.

घसरणीमागे दोन कारणे आहेत. सायनस नोडची स्वतःची क्षमता कमी झालेली असते, हे पहिले. दुसरे म्हणजे अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकांना हृदयाच्या पेशी पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. वयस्कांच्या रक्तात श्रमाच्या वेळी नॉरअ‍ॅड्रेनलिन तरुणांपेक्षा जास्तच सापडते, तरी हृदयाचा वेग त्या मानाने वाढत नाही. अमेरिकेत १९५८ पासून चालू असलेल्या बाल्टिमोर येथील दीर्घकालीन वार्धक्य-अभ्यासातून दिसले, की निरोगी वयस्कांचे हृदय यावर तोडही काढते. वेग वाढवता येत नाही म्हणून ते श्रमाच्या वेळी अधिक रक्ताने भरते आणि दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त टिकवून धरते.

श्वासाबरोबर बदलणारी नाडी

मनगटावर बोट ठेवून सावकाश खोल श्वास घेतला, तर तरुण माणसाची नाडी श्वास आत घेताना थोडी जलद आणि सोडताना थोडी मंद झालेली सहज कळते. हा दोष नव्हे. व्हेगस मज्जातंतू तत्परतेने काम करत असल्याची ती खूण आहे. लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतरात होणाऱ्या अशा बदलांना हृदयगतीची परिवर्तनशीलता म्हणतात. ती विशीपासूनच घटू लागते. पंचाहत्तरीतल्या निरोगी माणसाच्या कार्डिओग्रामवर दोन ठोक्यांमधील अंतरे जवळजवळ सारखी दिसतात.

रोजच्या जगण्यात याचा अनुभव झोपेतून उठताना येतो. माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे ओढले जाते आणि मानेतील रक्तवाहिन्यांमधले दाबसंवेदक लगेच हृदयाला वेग वाढवण्याचा संदेश देतात. वयस्कांमध्ये हा प्रतिसाद उशिरा आणि कमी जोराने येतो. म्हणून एकदम उठल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या चालू असतील, तर हा त्रास वाढतो. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उठण्याचा सल्ला डॉक्टर देतात, त्यामागे हेच कारण आहे.

कार्डिओग्रामच्या पट्टीवर

डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंटहोवन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तंतू-गॅल्व्हानोमीटरच्या साहाय्याने हृदयाच्या लहरींचे अचूक आलेख काढले. त्यासाठी १९२४ चे वैद्यकातील नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आलेखातील उंचवट्यांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे आजही तशीच वापरली जातात. पी म्हणजे अलिंदांतून जाणारी लहर, क्यूआरएस म्हणजे निलयांतून जाणारी आणि टी म्हणजे निलये पुढच्या ठोक्यासाठी पूर्वस्थितीवर येतानाची नोंद.

कार्डिओग्रामचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. त्यावरचा एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा, तर पाच लहान चौकोनांचा मोठा चौकोन २०० मिलिसेकंदांचा असतो. पंचविशीतल्या आणि पंचाहत्तरीतल्या दोन निरोगी माणसांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या, तर फरक बारकाईने पाहूनच कळतात. वयस्क माणसाची पी लहर किंचित रुंद असते, कारण अलिंदे थोडी मोठी झालेली असतात आणि त्यांच्यातून लहर सावकाश जाते. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंतचा काळ, म्हणजे पीआर अंतर, साधारण १६० वरून १७० मिलिसेकंदांच्या आसपास जाते. लहान चौकोनांत मोजले, तर चार चौकोनांचे सव्वाचार होतात. १२० ते २०० मिलिसेकंद हे अंतर प्रमाण मानले जाते, त्यामुळे ही वाढ मर्यादेत बसते. बाल्टिमोरच्या अभ्यासात हा विलंब हिस बंडलच्या अलीकडेच होतो असे दिसून आले. हिस बंडलपासून पुढचा प्रवास निरोगी म्हातारपणातही जवळपास पूर्वीच्याच वेगाने होतो.

क्यूआरएसची रुंदी त्यामुळेच वयानुसार फारशी बदलत नाही. त्याची उंची मात्र कमी होते आणि लहरीची सरासरी दिशा डावीकडे झुकत जाते. टी लहर थोडी सपाट होते. निलयांच्या पूर्ण विद्युतचक्राचा काळ, म्हणजे क्यूटी अंतर, किंचित लांबते. तारुण्यात ते स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा लांब असते, उतारवयात हा फरक कमी होतो. क्यूटी अंतर लांबवणारी औषधे पुष्कळ आहेत. त्यांत काही प्रतिजैविके आणि मनोविकारांवरच्या काही गोळ्याही येतात. वयस्क माणसे एकाच वेळी अनेक गोळ्या घेत असतात. क्यूटी अंतर फार लांबले, तर हृदयाची लय धोकादायक रीतीने बिघडू शकते. म्हणून नवे औषध सुरू करताना आधीच्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवणे महत्त्वाचे आहे.

शाखांमधील अडथळे

हिस बंडलच्या एखाद्या शाखेत अडथळा आला, की त्या बाजूच्या निलयाला लहर वळसा घालून मिळते आणि क्यूआरएस १२० मिलिसेकंदांपर्यंत किंवा त्याहून रुंद होते. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात १९१३ साली जन्मलेल्या ८५५ पुरुषांची पन्नाशीपासून ऐंशीपर्यंत वेळोवेळी तपासणी झाली. पन्नासाव्या वर्षी त्यांच्यापैकी सुमारे एक टक्का पुरुषांत असा शाखा-अडथळा होता, ऐंशीव्या वर्षी हे प्रमाण सतरा टक्क्यांवर गेले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराशी त्याचा ठळक संबंध सापडला नाही. अडथळा वहनमार्गांच्या सावकाश होणाऱ्या झिजेची खूण असावा, असा निष्कर्ष निघाला.

ही झीज कशी होते, याचे वर्णन फ्रान्सचे जाँ लनेग्र आणि अमेरिकेचे मॉरिस लेव्ह यांनी १९६४ मध्ये वेगवेगळे केले. लेव्ह यांच्या मते हृदयाच्या झडपांना आधार देणाऱ्या तंतुमय चौकटीत वयानुसार कॅल्शियम साठते आणि तिला लागूनच जाणाऱ्या शाखा दबतात. लनेग्र यांना खुद्द वहनतंतूंचा ऱ्हास झालेला दिसला. झीज दोन्ही शाखांत पूर्ण झाली, तर अलिंदांची लहर निलयांपर्यंत पोहोचतच नाही. निलये मग स्वतःच्या, मिनिटाला तीस-चाळीस अशा संथ लयीवर चालतात, माणसाला भोवळ येते, शुद्ध हरपते. अशा रुग्णांच्या मदतीला पेसमेकर आला. स्टॉकहोममध्ये ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शल्यविशारद ओके सेनिंग यांनी अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. पूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला तो पहिला पेसमेकर. लार्सन त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक जगले आणि २००१ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मध्येच उमटणारे ठोके

पन्नाशी-साठीनंतर अनेकांना मध्येच ठोका चुकल्यासारखे वाटते. बहुतेक वेळा अलिंदातील किंवा निलयातील एखादी पेशी सायनस नोडच्या आधीच लहर सोडते. त्या अकाली ठोक्यानंतर छोटा खंड पडतो आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो. अमेरिकी संशोधक नॉर्मन होल्टर यांनी अंगावर वागवता येणारे नोंदयंत्र तयार केल्यावर असे ठोके दिवसभर मोजता येऊ लागले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० ते ८५ वयाच्या ९८ निरोगी व्यक्तींची चोवीस तासांची नोंद घेतली गेली. अलिंदातील अकाली ठोके ८८ टक्के व्यक्तींत आणि निलयातील ८० टक्के व्यक्तींत आढळले. हृदय निरोगी असेल, तर अधूनमधून पडणारा असा ठोका वयाचा भाग मानावा. दिवसाला हजारोंच्या संख्येने ठोके पडत असतील, किंवा त्यांच्याबरोबर धाप आणि चक्कर असेल, तर मात्र तपासणी हवी.

अलिंदांची अनियमित थरथर

वय आणि आजार यांच्या सीमेवर उभा असलेला सर्वांत महत्त्वाचा बिघाड म्हणजे अलिंदांची अनियमित थरथर. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. तरुण अलिंदात स्नायूंच्या पेशी एकमेकींना जोडून असतात आणि लहर सरळ पुढे सरकते. वयानुसार त्यांच्यामध्ये तंतुमय ऊती साचतात. ढेकळे पडलेल्या पाटातून पाणी जसे फाटे फुटत, वळसे घेत जाते, तशी लहर अशा अलिंदातून वेडीवाकडी जाते आणि कधीकधी स्वतःभोवतीच फिरत राहते. बोर्दो येथील मिशेल हायसाग्येर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की या थरथरीची ठिणगी बहुतेक वेळा डाव्या अलिंदात उघडणाऱ्या फुप्फुसांच्या शिरांमध्ये पडते.

अमेरिकेतील फ्रामिंगहॅम गावाच्या लोकसंख्येवरील प्रसिद्ध अभ्यासात या विकाराचे प्रमाण पन्नाशीत अर्धा टक्का, तर ऐंशी ते एकोणनव्वद या वयात सुमारे नऊ टक्के आढळले. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळते, गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. त्याच अभ्यासात, या विकारामुळे होणाऱ्या पक्षाघातांचा वाटा पन्नाशीत दीड टक्का आणि ऐंशीनंतर सुमारे साडेतेवीस टक्के निघाला. वयस्क हृदयाला आणखी एक तोटा होतो. वयानुसार निलये ताठर झालेली असतात आणि भरण्यासाठी अलिंदांच्या शेवटच्या जोरदार आकुंचनावर तरुणपणापेक्षा जास्त अवलंबून असतात. ते आकुंचनच गेले की दम लागतो. त्यामुळे हा विकार कितीही सर्रास दिसला, तरी त्याला वयाचा भाग समजून सोडून देता येत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका बराच कमी होतो.

वयाची खूण आणि आजाराची खूण

श्रमाच्या वेळी नाडी पूर्वीइतकी न वाढणे, पीआर अंतर मर्यादेत राहून थोडे लांबणे, क्यूआरएसचा कल डावीकडे जाणे आणि अधूनमधून अकाली ठोका पडणे हे बदल निरोगी वार्धक्यात अपेक्षित आहेत. कोणताही त्रास नसताना नाडी पन्नास-पंचावन्न असणे हेही बहुधा चिंतेचे नसते. विशेषतः जो माणूस नियमित चालतो किंवा धावतो त्याच्या बाबतीत. शुद्ध हरपणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, नाडी पूर्णपणे अनियमित होणे, डाव्या शाखेचा नवा अडथळा दिसणे किंवा ठोक्यांमध्ये काही सेकंदांचे खंड पडणे ही लक्षणे मात्र वयाच्या नावावर खपवू नयेत.

उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, झोपेतील श्वासरोध आणि मद्यपान यांमुळे अलिंदांची थरथर सुरू होण्याची शक्यता वाढते. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पावणेआठ लाखांच्या आसपास लोकांचे कार्डिओग्राम वापरून संगणकाला केवळ पट्टीवरून वय ओळखायला शिकवले. त्याचा अंदाज सरासरी सात वर्षांच्या फरकाने बरोबर येत होता. ज्यांच्या बाबतीत संगणकाने सांगितलेले वय खऱ्यापेक्षा सात वर्षांहून अधिक जास्त भरले, त्यांच्यात उच्च रक्तदाब, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि हृदयाची कमकुवत पंपक्षमता यांचे प्रमाण जास्त होते. जन्मतारखेत बदल करता येत नाही, पण हृदय वयापेक्षा आधी म्हातारे होणे बऱ्याच अंशी लांबवता येते, हा त्याचा अर्थ.

कार्डिओग्राम वाचताना डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडते ती त्याच माणसाची जुनी पट्टी. दहा वर्षांपूर्वीपासून असलेला उजव्या शाखेचा अडथळा आणि कालच उद्भवलेला अडथळा यांचा अर्थ वेगळा, आणि पट्ट्या समोरासमोर ठेवल्याशिवाय तो कळत नाही. पट्टीचा कागद उष्णतेने छापला जाणारा असल्याने काही वर्षांत त्यावरचा आलेख फिकट होतो. म्हणून चाळिशीनंतर प्रत्येक कार्डिओग्रामची झेरॉक्स काढून किंवा मोबाइलवर फोटो घेऊन, तारीख घालून तो जपून ठेवावा आणि तपासणीला जाताना बरोबर न्यावा.